चाळीस यार्डांची ओळ

आमच्या वडाच्या तालमीच्या कोपऱ्यावर एक फळा हाय. भिंतीतच सिमेंट घोटून केलेला, वरनं काळा रंग. त्या फळ्यावर जवळजवळ वर्षभर एकच ओळ होती. इंग्रजीत. ओळ माझी नव्हती, पण अक्षर माझं होतं. पुसली गेली की मीच परत लिहायचो.

'अंबादास, हू वॉज बीटन फ्रॉम फॉर्टी यार्ड्स.'

अंबादास म्हणजे आमचा गोलकीपर. उद्यमनगरात लेथवर कामाला, हात फावड्यासारखे. आणि ओळीचा अर्थ असा, की हा बघा तो अंबादास, ज्याला चाळीस यार्डांवरनं हरवला.

आता दुसऱ्याची ओळ मी का लिहायचो, ते आधी सांगतो.

पेठापेठांच्या तालमींचा फुटबॉल कोल्हापुरात काय हाय ते बाहेरच्याला सांगून कळत न्हाय. मॅच असली की दुकानं अर्धी शटर. त्यात आमची आणि पलीकडच्या तोफखाना तालमीची एक जुनी रीत, आमच्या दोघांच्यातलीच. जिंकलेल्यानं हलगी वाजवत हरलेल्याच्या चौकात यायचं आणि हरलेल्याच्या फळ्यावर एक ओळ लिहायची. हरलेल्यानं ती पुसायची न्हाय. पुढं कधी जिंकलं, तरच पुसायची. इथपर्यंत ठीक हाय. पण रीत एवढ्यावर थांबत न्हाय. पावसानं, रंगानं, पोरांनी पाठ घासून ओळ गेली, तर हरलेल्यानंच ती परत लिहायची. जशीच्या तशी. दिवे लागायच्या आत.

माझं अक्षर तालमीत सगळ्यांत बरं. आमची गल्ली तालमीच्या मागं, बुद्धविहाराला लागून. लहानपणी आम्ही तालमीच्या दारात उभारून मॅचच्या गप्पा ऐकायचो, आत कोण बोलवायचं न्हाय. फळ्यानं मला आत नेलं. दहावीच्या सुट्टीत एकदा फळा लिहिणाऱ्याचा हात मोडला म्हणून त्याच्या जागी मी मॅचची वेळ लिहिली, आणि मग ते काम माझ्याकडंच ऱ्हायलं. तालमीत बसायला खुर्ची मिळाली ती खडूमुळं. म्हणून कुरकुर केली न्हाय कधी. पण ही ओळ लिहिताना खडू जड व्हायचा, हे खरं.

* * *

२००३ च्या फेब्रुवारीतली मॅच. एक-शून्यनं हरलो.

अंबादासची सवय अशी, की गोल सोडून पार पुढं येऊन उभारायचं. मागं सगळं मोकळं रान. आमची बॅकची पोरं त्याच्या जिवावर वर जाऊन खेळायची, आणि मागं निसटलेला बॉल हा पळत येऊन उडवायचा. बघायला लई झाक वाटायचं. त्या दिवशी तोफखान्याच्या संग्रामनं मधल्या रेषेच्या थोडं पुढं मान वर करून बघितलं आणि घातला. बॉल अंबादासच्या डोक्यावरनं. तो उलटा पळाला, बॉलचा एक टप्पा पडला आणि आत. निम्मं स्टेडियम गप. निम्मं आभाळात.

संध्याकाळी ते आले. हलगी, कैताळाचा खणखणाट, गुलाल. दरवर्षी कायतरी मराठीतनं लिहायचे, 'तोफखान्याचा नाद न्हाय करायचा' असलं. त्याला उत्तर तरी देता यायचं, तोंडानं. त्या वर्षी त्यांनी अभिरामला आणला. इंजिनिअरिंगचा पोरगा, इंग्लिश मीडियमचा. तो स्टुलावर चढला, शांतपणे एक ओळ लिहिली, हात झाडले आणि उतरला.

आमची सगळी फळ्याकडं नुसती बघत ऱ्हायली. कारण कुणाला कळलंच न्हाय. शिवी हाय का काय, ते कळल्याशिवाय चिडायचं कसं?

बाळासो आमच्या तालमीचे सेक्रेटरी. साठीचे, पण आवाज असा की तालमीतनं बोलले तर एस.टी. स्टँडवर ऐकू जावं. ते म्हणले, "पश्या, काय लिवलंय रं?"

माझं नाव प्रसेनजीत. तालमीत त्याचा पश्या झाला.

मी अर्थ सांगितला. अंबादास बाजूलाच होता. मान खाली घालून बुटाची लेस सोडवत होता, सुटलेलीच.

बाळासो म्हणले, "आनि गोल कुनी मारला ते?"

"ते न्हाय लिहिलं."

"न्हाय लिवलं म्हंजे? आपोआप बसला व्हय?"

"इंग्रजीत न्हाय सांगितलं तरी चालतंय, बाळासो."

"काय भाषा हाय का काय! आमच्यात मांजरानं दूध सांडलं तरी कुठल्या मांजरानं ते इचारत्यात."

सगळी हसली. अंबादास हसला न्हाय.

* * *

माझं इंग्रजी म्हणजे रद्दीतलं. बारावी झाल्यावर मी मिरजकर तिकटीजवळच्या एका कॅफेत लागलो, नेट आणि टायपिंग. शेजारी रद्दीवाला. त्याच्याकडनं इंग्रजी पेपर आणायचो आणि खेळाचं पान वाचायचो, कारण खेळ आधीच ठावं असायचा, मग इंग्रजी अंदाजानं लागायचं.

तिथं मला हे शेपूट सापडलं. बोलताना इंग्रजी माणूस असं बोलत असंल असं मला वाटत न्हाय, पण छापताना हटकून. नाव आलं की स्वल्पविराम, आणि मग 'हू वॉज' काहीतरी. हा प्लेअर, ज्याला बाहेर काढला गेला. तो कॅप्टन, ज्याच्यावर टीका केली गेली. वस्तू असली की 'विच वॉज'. पूल, जो वाहून नेला गेला. म्हणजे माणूस पुढं चाललाय आणि त्याला काय झालं ते मागं बांधलंय, बैलगाडीला डबा बांधत्यात तसं. खडखड वाजत ऱ्हायचं.

आपल्यात ते आधी येतंय. 'नापास झालेला पोरगा', 'टाकलेली बायको.' आपण शिक्का कपाळावर मारतोय, ते पाठीवर. आणि केलं कुणी, ते शेवटी 'बाय' म्हणून लावायचं. न लावलं तरी वाक्य पुरं. कॅफेत इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट टाईप करताना तर मजा यायची. 'द डेटा विच वॉज कलेक्टेड.' गोळा केलेली माहिती. कुणी गोळा केली? मीच केलती, दुसऱ्या पोराच्या फ्लॉपीतनं. पण वाक्यात कुणाचंच बोट दिसत न्हाय.

तेव्हा मला हे लई भारी वाटायचं. फळ्यावर बघितलं तेव्हा न्हाय वाटलं.

* * *

होळी झाली. रंगपंचमीला पोरांनी फळ्यावर पिचकाऱ्या मारल्या आणि ओळ पार गुलाबी होऊन वाहून गेली. दुपारी अंबादास घरातनं बादली घेऊन आला, स्वतः फळा धुतला, वाळवला आणि मला हाक मारली.

म्हणला, "लिव."

मी म्हणलं, "अंबादासदा, कोण बघत न्हाय. फॉर्टीचं थर्टी करू का? न्हायतर यार्ड्सच गाळू. अर्थ जरा मऊ पडतोय."

"जशी हुती तशी."

"अरे पण..."

"पश्या, गोल खाल्लाय का न्हाय म्या?"

"खाल्लायस."

"मग लिव की लेका. गोल चाळीसवरनं आनि लिवताना तीस, ह्यो कसला हिशोब?"

लिहिली. तो मागं हाताची घडी घालून उभारला होता. शेवटचं टिंब दिलं तेव्हा म्हणला, "ते दुसरं अक्षर जरा बारीक झालंय." ते पण नीट केलं.

मग एप्रिलात पावणं आलं. अंबादासला स्थळ म्हणून बघायला, गगनबावड्याकडचं. मुलीचा बाप, चुलता आणि एक मास्तर मामा. त्यांनी पत्ता विचारायला गाडी नेमकी फळ्यापाशी थांबवली. बाळासो कट्ट्यावर होते, मी पण.

मास्तर मामानं चष्मा लावून ओळ वाचली. मग परत वाचली. म्हणला, "हे अंबादास म्हणजे विमलाबाईंचा मुलगा का?"

बाळासो म्हणले, "व्हय की. एक नंबर पोरगं."

"मारलं का त्याला?"

"कुनी?"

"इथं लिहिलंय तसं. चाळीस यार्ड म्हणजे एकशेवीस फुटांवरनं मारला. दगडानं का? आणि मारणाऱ्याचं नाव न्हाय. पोलीस केस झालीय काय?"

मी मध्ये पडून गोल, बॉल, मॅच सगळं सांगितलं. मामा मान हलवत होता, पण त्याच्या तोंडावरनं कळत होतं, की हितं काहीतरी दाबलंय असं त्याला वाटतंय. मारणाऱ्याचं नाव न लिहिलेलं प्रकरण साधं कसं असंल? पावण्यांनी पोहे खाल्ले आणि "बघून कळवतो" म्हणून गेले. कळवलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी अंबादासची आई, विमलाकाकी, भाजीची पिशवी घेऊन फळ्यापुढं उभी. म्हणली, "प्रसेनजीत, तू शिकलेला. ह्याच्यावर डांबर फास बाबा."

"काकी, रीत हाय."

"रीत! तुमच्या रीतीला माझं पोरगं गावलं व्हय?"



* * *

पावसाळ्यात ओळ किती वेळा गेली न् किती वेळा लिहिली ते सांगण्यात अर्थ न्हाय. गणपतीच्या गुलालात गेली. दसऱ्याला तालमीची रंगरंगोटी काढली तेव्हा रंगाऱ्यानं उत्साहात फळ्यावरनं काळा हात फिरवला. रंग वाळतोय तोवर मी तिथंच बसून ऱ्हायलो, दिवे लागायच्या आत लिहायची म्हणून. डोळं झाकून पण लिहिली असती.

दिवाळीनंतर नवा हंगाम. त्याच्या आधी मीटिंग झाली. बाळासोंनी विषय सरळ काढला.

"अंबादास, ह्या वर्षी रेषेवर उभारायचं. गोल सोडून भटकायचं न्हाय."

अंबादास म्हणला, "रेषेवर उभारलो तर मागं सुटलेलं बॉल कोन काढनार? आमची बॅक सगळी वर खेळती. माझ्यासाठी सगळी टीम खाली वडायची?"

"आनि परत डोक्यावरनं बसला तर?"

"परत न्हाय बसायचा."

"बसला तर?"

अंबादासनं ग्लोज मांडीवर घेतले. मग म्हणला, "तोफखान्यासंगट परत गोल खाल्ला, तर ग्लोज तालमीत ठेवतो. माझ्या मामाच्या यंत्रमागावर कामाला जातो, इचलकरंजीला. मामा कवापासनं बोलवालाय. पन उभारनार पुढंच."

बाळासो म्हणले, "सगळ्यांनी ऐकलंसा. ठरलं."

अंबादासनं मान हलवली. मला वाटलं, ह्या माणसाला कोणीतरी सांगायला पायजे की एवढं ताणू नकोस.

* * *

डिसेंबरात एका दुपारी कॅफेत काचेच्या दारातनं संग्राम आत आला. तोच, तोफखान्याचा, गोल मारलेला. आमच्या बाजूला तो कधी येत नसतोय. मला वाटलं भांडणाला आलाय. मी टायपिंग तसंच ठेवलं आणि उभारलो.

"बस की गा," म्हणला. "तूच न्हवं का त्यो फळ्यावाला?"

"व्हय."

खुर्ची वडून तो बसला. इकडं तिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणला, "ते माझं नाव घालता यील का रं?"

"कुठं?"

"फळ्यावर! गोल म्या मारला. चाळीसवरनं. हयातीत परत बसनार न्हाय असला गोल. आनि फळ्यावर नाव कुनाचं? त्याचं! वरीसभर जाईल त्यो अंबादास, अंबादास वाचालाय. माझी आज्जी बघून आली. म्हनली, तुजं नाव कुठाय त्यात? मला भाड्या म्हनली."

मला हसू आलं, पण आवरलं. "अभिरामला सांग की. त्यानं लिहिलंय."

"सांगितलं. त्यो म्हनतोय, लिखित इंग्रजीत असंच असतंय, करनाऱ्याचं नाव न लिवनं म्हंजे स्टँडर्ड. आयला, गोल माझा आनि स्टँडर्ड त्याचं!"

"लावता येतंय," मी म्हणलं. "शेवटी 'बाय संग्राम'."

"बाय? म्हंजे टाटा करू व्हय?"

"न्हाय रं. बाय म्हणजे कडून. संग्रामकडून."

त्यानं ते दोन-तीनदा म्हणून बघितलं. "बाय संग्राम. हां. वजन हाय. मग घाल की."

"मला घालता येत न्हाय. मी फक्त होती तशी लिहायची. लिहायचा मान तुमचा हाय, तू येऊन लिही. पण आमचा फळा, आमच्या माणसांना विचारावं लागंल."

"इचार. वाट बघतो." दारातनं परत वळला. "आनि आज्जीचं कुनाला सांगू नकोस."

सांगितलं, अर्थात.

* * *

तालमीत बाळासो उसळलेच. "त्यांच्या पोराचं नाव आमच्या भिंतीवर? आदीच एक खिळा हाय, त्यात दुसरा? सांग त्याला, पावणं, घरी जावा."

मला वाटलं अंबादास पण चिडणार. तो ग्लोजचा फाटलेला अंगठा सुईनं शिवत बसला होता. डोकं वर न करता म्हणला, "घालू दे."

"काय?"

"त्याचं नाव घालू दे. मला पायजे."

बाळासो म्हणले, "याड लागलं काय तुला? त्याचा मान वाढवालास?"

अंबादासनं सुई खाली ठेवली. तो लई बोलणारा माणूस न्हाय. शब्द शोधत शोधत बोलला.

"बाळासो, वरीस झालं, ती वळ वाचतोय मी. कामावर जाताना आनि येताना. 'अंबादास, ज्याला हरवला.' कुनी हरवला? कोनच न्हाय. वाऱ्यानं हरवल्यागत वाटतंय. न्हायतर मी जन्मल्यापासनंच हरलेला हाय, असं. त्या पावण्यांना बी तसंच वाटलं. माणसानं हरवलं आसलं तर माणूस परत भेटतोय की ग्राउंडवर. वाऱ्याला कुठं गाठू?"

त्यानं सुई परत उचलली.

"नाव घाला. म्हंजे मला बी कळंल कुनाकडं बघायचं, आनि त्याला बी."

मला तेव्हा एवढंच वाटत होतं, की वर्षभर मी लिहिलेली ओळ ह्या माणसानं किती वेळा वाचली असंल. मला वाक्य कळलं होतं. त्यानं ते सोसलं होतं.

बाळासोंनी तंबाखू मळली. चिमूट तोंडात टाकून म्हणले, "बोलव त्या संग्र्याला. पन हलगी आनायची न्हाय म्हनाव. एकटा यायचं."

संग्राम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकटा आला. इस्त्रीचा शर्ट. खडू हातात घेतल्यावर घाम फुटला त्याला, इंग्रजी लिहायची सवय न्हाय. मी एकेक अक्षर सांगितलं, आणि जाता जाता 'हू वॉज'चं शेपूट कसं लागतंय ते पण. त्यानं मोठं मोठं, वर चढत गेलेलं लिहिलं, माझ्या सरळ ओळीच्या शेजारी. 'बाय संग्राम.'

अंबादास बाजूला उभा होता. दोघं एकमेकांकडं बघंनात.

संग्राम खडू देताना म्हणला, "जानेवारीत मॅच हाय."

अंबादास म्हणला, "म्हाईत हाय की."

* * *

मग रोज सकाळी उजाडताना गांधी मैदान. कामावर जायच्या आधी. लांबनं बॉल मारायला त्याला कोणीतरी पायजे होतं आणि मी मोकळा. मला फुटबॉल येत न्हाय. माझा बॉल चाळीस यार्ड सोडाच, त्याच्यापर्यंत पोचायचा न्हाय. अंबादास शिव्या घालायचा, "मॅटर टाईप करालास काय? पायानं मार!" हळूहळू पोचायला लागला. तो गोल सोडून पुढं उभारायचा आणि मी डोक्यावरनं टाकायचो. तो वळायचा, उलटा पळायचा, पडायचा, गुडघे सोलायचे. बॉल आत जायचा.

"परत."

परत आत.

"परत."

मी एकदा म्हणलं, "दादा, दोन पावलं मागं उभारलास तर?"

"त्यानं मला भ्यालेला बघितला तर तिथंच गोल बसला. परत मार."

पाठ करून पळू नये, बॉलवर डोळा ठेवून तिरकं पळावं, हे त्याचं त्यानंच शोधलं, पडून पडून. मग कधीतरी बोटं लागायला लागली. मग बॉल बारच्या वरनं जायला लागला. दहातले निम्मे तरी अजून आतच जात होते, ते पण खरं हाय.

* * *

मॅचला स्टेडियम दाबून भरलं होतं. मी आमच्या बाजूच्या पायऱ्यांवर, बाळासोंच्या शेजारी. ते बघत नव्हते, मला विचारत होते. "कुठं उभारलाय?"

"पुढं."

"किती पुढं?"

"गेल्या वर्षीएवढाच."

"मरतंय आता," म्हणून त्यांनी टॉवेल तोंडावर घेतला.

पहिल्या हाफात संग्राम दोनदा जवळनं आला. एकदा अंबादासनं त्याच्या पायावर झेप घातली, एकदा बाजूनं मारलेला छातीवर घेतला. दोन्ही वेळा तोफखान्याची बाजू ओरडली, "चाळीस! चाळीस!" लांबनं मार, म्हणून. संग्राम मारत नव्हता. मान वर करून बघायचा, अंबादास पुढं उभारलेला दिसायचा, आणि बॉल बाजूला द्यायचा.

शेवटाकडं आमची सगळी वर गेली होती. बॉल सुटला आणि मधल्या रेषेपुढं संग्रामच्या पायात आला. समोर कोण न्हाय. अंबादास पार बाहेर. संग्रामनं मान वर केली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, मला पायऱ्यांवरनं दिसलं.

मारला.

गेल्या वर्षीसारखाच उंच. बाळासोंनी टॉवेल काढला. अंबादास तिरका पळत होता, मान वळवून, डोळा बॉलवर. त्यानं उडी घेतली ती मागं पडतच घेतली. बोटं लागली का न्हाय ते कळलं न्हाय. बॉल वरच्या बारला आपटला, तेवढाच आवाज आला, आणि मागं गेला. अंबादास जाळीत पडला होता, एकटाच, बॉल न्हाय.

बाळासो मला धरून नाचायला लागले. "कुनी काढला रं? कुनी काढला?" सगळं दिसत असून विचारत होते. माझ्या तोंडनं नाव ऐकायचं होतं त्यांना.

"अंबादासनं!"

पण गोल आमच्याकडनं पण झाला न्हाय. शून्य-शून्य.

* * *

ड्रॉ झाला की कोण कुणाच्या फळ्यावर लिहीत न्हाय, आणि पुसता पण येत न्हाय. जिंकलो नव्हतो ना. अंबादासचे ग्लोज वाचले, ओळ ऱ्हायली. आम्ही चौकात चहा घेत उभारलो होतो. विमलाकाकी सगळ्यांना साखर वाटत होती आणि फळ्याकडं पाठ करून उभारली होती.

तेवढ्यात पलीकडनं संग्राम आला. एकटा, अजून मॅचच्याच कपड्यात. थेट माझ्याकडं हात पुढं केला. "खडू."

बाळासो म्हणले, "ड्रॉला लिवत नसत्यात, पावणं."

"नवीन न्हाय लिवत. त्या वळीत माझं नाव हाय का न्हाय? माझ्या नावाम्होरं मी लिवनार." मग मला म्हणला, "त्यो 'हू वॉज' म्हनतोस ना, शेपूट. ते मला लागतंय का?"

"तुला?"

"माझ्या नावाला. मला अडिवलं, असं. आनि कुनी अडिवलं त्याचं नाव घालायचं. मोकळं न्हाय सोडायचं."

मी सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. अक्षरं फळ्याच्या काठाला जाऊन टेकली, शेवटचं नाव खाली वळवावं लागलं. पुरी ओळ अशी झाली: 'अंबादास, हू वॉज बीटन फ्रॉम फॉर्टी यार्ड्स बाय संग्राम, हू वॉज स्टॉप्ड बाय अंबादास.'

बाळासोंनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. ते म्हणले, "म्हंजे सुरवात बी आमचा आनि शेवट बी आमचा?"

"व्हय."

"मग इंग्रजी बरी हाय."

संग्रामनं हात चड्डीला पुसले. अंबादासनं त्याला आपल्यातला चहा अर्धा करून दिला. विमलाकाकीनं त्याच्या हातावर साखर ठेवली आणि म्हणली, "तुझ्या आज्जीला सांग, नाव दिसतंय म्हनाव." संग्रामनं माझ्याकडं असं बघितलं, की मी दोन दिवस तोफखान्याच्या रस्त्यानं गेलो न्हाय.

तो गेल्यावर मी अंबादासला म्हणलं, "दादा, आता ही पुसायची गरज न्हाय. चांगली झालीय."

त्यानं ओळीकडं बघितलं. म्हणला, "चांगली हाय. पन पुसायची हाय. जिकून." मग चहाचा कप ठेवला. "सकाळी येनार हाईस न्हवं?"

सकाळी दव पडलं होतं. फळ्यावरची शेवटची दोन अक्षरं विरघळली होती, ती मी जाता जाता नीट केली. मैदानावर पोचलो तेव्हा अंबादास आधीच उभा होता. गोल सोडून, पार पुढं.

"मार," म्हणला.